एका नंबरावरची माणसं

समिधा देव नेमकं काय काम करते, हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. तिच्या तोंडून सारखा 'वेअरहाऊस' हा शब्द ऐकून तिचे वडील ओळखीपाळखीत बिनदिक्कत सांगत, "मुलगी औषधांच्या गोदामात आहे." गोदाम होतं हे खरं, पण त्यात औषधाची एक बाटलीही नव्हती. जबलपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत तिच्या कंपनीची औषधांची दुकानं होती. प्रत्येक दुकानाच्या काउंटरवर दिवसभर जी बिलं फाटत, ती सगळी कॉम्प्युटरमध्ये एका जागी येऊन साठत, आणि त्या साठ्याला वेअरहाऊस म्हणत. राइट टाउनच्या कचेरीत बसून त्या साठ्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं काढायची, ही समिधाची नोकरी. ज्या भाषेत ते प्रश्न लिहायचे तिला एसक्यूएल म्हणतात, आणि समिधाचा त्या भाषेत हात बसलेला होता.

दसऱ्याच्या सुमाराला तिचे साहेब चंद्रशेखर यांनी एक नवं काम काढलं. कोपऱ्यावरचा जुना दुकानदार कसा गिऱ्हाइकाला नावानं ओळखतो, त्याची गोळी संपत आली की स्वतःच आठवण करतो, तसं कंपनीनंही करायचं. समिधानं अशी क्वेरी, म्हणजे त्या भाषेतला प्रश्न, लिहायची, की वेअरहाऊसमधली माहिती रोज आपोआप प्रत्येक ग्राहकाच्या प्रोफाइलमध्ये जाईल. नाव, आजार आणि औषध कधी संपणार ती तारीख. मग त्या प्रोफाइलवरून मोबाइलवर मेसेज सुटेल. "दिवाळीच्या आत झालं पाहिजे," साहेब म्हणाले, "मालक स्वतः विचारून राहिले."

कामात अडचण एकच होती. काउंटरवर माणसं स्वतःचा नंबर देत नाहीत, घराचा म्हणून जो एक नंबर असतो तो देतात. सासऱ्याची इन्सुलिन, नातवाचं खोकल्याचं औषध, मोलकरणीच्या डोकेदुखीची गोळी, सगळं एकाच नंबरावर. समिधानं सोपा रस्ता धरला. एक नंबर म्हणजे एक माणूस, आणि त्या नंबरावर सगळ्यात शेवटचं जे बिल असेल त्यातलं नाव आणि त्यातल्या औषधावरून निघणारा आजार त्या माणसाचा.

तपासणीसाठी तिनं स्वतःचाच नंबर टाकला. क्षणात फोन वाजला. 'नमस्ते श्रीकांत जी, आपकी बीपी की दवा समाप्त होने वाली है.' आदल्या आठवड्यात वडिलांच्या गोळ्या तिनंच आणल्या होत्या. तिला हसू फुटलं. घरी जाऊन तिनं तो मेसेज वडिलांना दाखवला, "बाबा, कंपनीच्या हिशोबानं मी म्हणजे तुम्हीच." तेही हसले.

म्हणजे तिला कळलं होतं. हे नंतर तिला कितीदा तरी आठवणार होतं. नीट करायचं तर नंबर आणि नाव दोन्ही जुळवून घरातला माणूस न् माणूस वेगळा काढावा लागला असता. कुठे 'श्रीकांत देव', कुठे 'एस. देव', कुठे नुसतं 'देव जी', ती सगळी नावं लावत बसावं लागलं असतं, आणि त्यात दिवाळी निघून गेली असती. नंतर पाहू, असं म्हणून तिनं क्वेरी चालू केली. मालक खूश झाले. साहेबांनी सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

थंडी पडायला लागली होती. एका संध्याकाळी समिधा जेवायला बसली असताना तिची आई, शैलजा, तव्यावरची पोळी उलटता उलटता म्हणाली, "हेमलताच्या घरी काय होऊन राहिलं, ऐकलं का?"

हेमलता म्हणजे आईची महाराष्ट्र मंडळातली जुनी मैत्रीण. तिच्या मुलाचं, आल्हादचं, वर्षभरापूर्वीच लग्न झालं होतं. समिधा त्या लग्नात जेवून आली होती. नवरी, अवंतिका, तिला आवडली होती. मोठ्यानं हसणारी होती.

"काय झालं?"

"त्या सुनेला मिरगी आहे म्हणे. लग्नात काही सांगितलं नाही. आल्हादला माहीत होतं, पण त्यानं आईपासून लपवून ठेवलं. हेमलतानं घर डोक्यावर घेतलं, अन् पोरगी गेली माहेरी, रांझीला."

"मग आत्ता कसं कळलं?"

"मेसेज आला न हेमलताच्या फोनवर. मेडिकलवाल्यांचा. 'अवंतिका जी, आपकी मिरगी की दवा' का काय ते. आल्हाद औषध आणायचा तर काउंटरवर आईचाच नंबर सांगायचा." आईनं पोळी ताटात टाकली. "अगं, जेव न. काहून थांबली?"

पोट बरं नाही म्हणून समिधा ताटावरून उठली.

सकाळी सगळ्यांच्या आधी कचेरीत जाऊन तिनं हेमलताकाकूंचा नंबर शोधला. प्रोफाइल समोर आलं. नाव अवंतिका, आजार मिरगी. खाली मेसेज गेल्याची हिरवी खूण. ती तिनंच नेमलेली खूण होती, मेसेज पोचला की हिरवी. हेमलताकाकू तिला लहानपणापासून ओळखत होत्या, परीक्षेच्या आधी तिच्या हातावर दही-साखर ठेवत. त्यांच्या फोनवर हे आपण पाठवलं होतं.

तिनं लगेच क्वेरी बदलली. ज्या नंबरावर एकाहून जास्त नावं असतील, तिथं नाव आणि आजार दोन्ही कोरं सोडायचं. अर्ध्या तासाचंही काम नव्हतं ते. दिवाळीपूर्वी हाच अर्धा तास तिला सुचला नव्हता, म्हणजे सुचवून घेतला नव्हता. कुणाला काही न बोलता तिनं बदललेली क्वेरी चालू केली आणि स्वतःची समजूत घातली, की यापुढे तरी कुणाचं असं होणार नाही.

त्यानंतर लवकरच आल्हाद कचेरीत आला. तो आरडाओरडा करायला आला असता तर बरं झालं असतं. तो साहेबांच्या केबिनमध्ये शांत बसला होता, हेल्मेट मांडीवर घेऊन. साहेबांनी समिधाला आत बोलावलं. आल्हादनं तिला ओळखलं, मान हलवली.

"मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे," तो सांगत होता. "औषधावर आहे, किती तरी वर्षांत एकदाही फिट आली नाही. आईला सांगायचंच होतं. आम्ही जरा वेळ पाहून राहिलो होतो, आईनं तिला आधी ओळखावं म्हणून. तुम्हाला कोणी सांगितलं हे लिहून पाठवायला?"

चंद्रशेखर साहेब गडबडले. माणूस वाईट नव्हता, पण तक्रार समोर आली की ती आधी टेबलाच्या पलीकडे ढकलायची, ही त्यांची सवय. "काउंटरवर नंबर चुकीचा टाकला असेल कुणी तरी. समिधा, बघ बरं, हे बिल कुणी बनवलं?"

समिधानं लॅपटॉप उघडला. बिल घमापुरच्या दुकानातलं होतं, काउंटरवर अंजनी होती.

"अंजनी," समिधा म्हणाली. "घमापुर."

तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. विचारलं तेवढंच उत्तर दिलं होतं. पण साहेब आल्हादला म्हणाले, "उस लड़की पर कार्रवाई होगी, आप निश्चिंत रहिए," आणि आल्हाद उठून गेला, तरी समिधाच्या तोंडून पुढचा शब्द फुटला नाही.

अंजनीची बदली मझौलीच्या दुकानात झाली. घमापुरात तिचं घर दुकानाला लागूनच, आणि घरात आजारी सासू. आता रोज बसनं जायचं, बसनं यायचं. बदलीचा कागद घ्यायला ती राइट टाउनला आली तेव्हा जिन्यात समिधा समोर आली.

"दीदी," अंजनी म्हणाली, "ग्राहक ने जो नंबर बोला, वही तो डाला मैंने. और मैसेज तो मैं भेजती भी नहीं. इसमें मेरी क्या ग़लती?"

"मैं सर से बात करती हूँ," समिधा म्हणाली.

पण ती बोलली नाही. आज साहेब घाईत आहेत, आज मालक आलेत, आज सोमवार आहे. मझौलीच्या बिलांवर रोज सकाळी अंजनीचं नाव यायचं आणि समिधा तेवढी ओळ न पाहता खाली सरकायची. घरात आई हेमलताच्या सुनेचा विषय काढी, मंडळात कोण काय म्हणालं ते सांगे, आणि समिधा पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जाई.

शेवटी आईनंच तिला कोंडीत धरलं. "तुला काय होऊन राहिलं? जेवत नाही, बोलत नाही. कोणी मुलगा वगैरे आहे का?"

"आई, तो मेसेज मी पाठवला."

"कोणता मेसेज?"

"हेमलताकाकूंचा."

आईला आधी कळेचना. समिधानं तिला सगळं सांगितलं, गोदामापासून. एका नंबरावर अनेक माणसं असतात, हे आपल्याला माहीत होतं. बाबांना दाखवून आपण हसलोही होतो. आणि अंजनीचं नाव आपणच पुढे केलं. आई ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. समिधाला वाटलं, आता बोलणी बसणार.

"अन् मी," आई हळूच म्हणाली, "मी ते चार घरी सांगून आली. हेमलतानं मला रडत रडत सांगितलं होतं, कोणाला बोलू नको म्हणून."



दुसऱ्या दिवशी समिधा साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली. चंद्रशेखर साहेबांनी डोळे चोळले. "कळलं. पण आता दुरुस्त केलं न? मग झालं. आपली सिस्टम चुकली असं बाहेर सांगता येत नाही, समिधा."

"अंजनीला परत आणा, सर."

"दोन-तीन महिने जाऊ दे, आणू."

"आणि सर, असे नंबर आणखी आहेत. पुष्कळ. बाकीच्यांनाही मेसेज गेलेत."

"कोणी तक्रार केली?"

"नाही."

"मग काहून उकरून काढते?"

समिधा जागेवर येऊन बसली. कंपनी सांगणार नसेल तर आपण सांगू, असं ठरवून तिनं त्या नंबरांसाठी एक मेसेज लिहायला घेतला. आधी आलेला संदेश चुकून आला होता, क्षमस्व. लिहून झाल्यावर ती पाठवणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की ही माफीसुद्धा त्याच फोनवर जाणार. जिच्या औषधाची बातमी सासूच्या, भावाच्या, घरमालकाच्या हातात पडली, तिच्यापर्यंत ती पोचणारच नव्हती. आणि ज्यानं पहिला मेसेज न वाचता सोडून दिला असेल, तो आता उलट जाऊन वाचेल. तिनं लिहिलेलं पुसलं. एवढा मोठा साठा हाताशी होता, पण ज्या माणसाची माफी मागायची त्याच्यापर्यंत जायचा रस्ता त्यात कुठंच नव्हता.

निदान एक माणूस तिला माहीत होतं. रविवारी ती स्कूटर काढून रांझीला गेली.

अवंतिका अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होती. समिधाला पाहून ती आधी हसली, मंडळाची कुणी आली असं वाटून. समिधानं अंगणातच सांगितलं. अवंतिकाचं हसू गेलं. तिनं हातातले कपडे खाटेवर ठेवले आणि एकेक घडी घालायला घेतली.

"तुम्हाला माहीत होतं, असं होऊ शकतं म्हणून?"

"हो."

"आणि तरी चालू केलं."

"हो. सॉरी, अवंतिका. मला खरंच..."

"थांबा." अवंतिकानं घडी अर्धी सोडली. "मी गोळ्यांची पाकिटं वहीच्या कव्हरात घालून ठेवायची, माहीत आहे? शाळेत शिकवते मी, तिथं सगळ्यांना माहीत आहे. लपवायची हौस नव्हती मला. सासूबाईंना मीच सांगणार होती. काय सांगायचं, कसं बसायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. त्या थोड्या माझ्या झाल्या होत्या, दुपारचा चहा माझ्यासाठी थांबवायच्या. ते सांगणं माझं होतं. तुम्ही ते घेतलं." तिचा आवाज चढला नाही. "आता त्यांना वाटतं मी फसवलं. अन् त्यांचं चुकतंही नाही."

"मी काय करू?"

"मला सॉरी म्हणून काय होणार? त्यांच्याकडे जाता येते का बघा."

तिनं पाणीही विचारलं नाही. समिधाला ते बरंच वाटलं.

हेमलताकाकूंकडे जायला निघाली तेव्हा आई न सांगता चपला घालून बरोबर आली. काकूंनी दार उघडलं, दोघींना बसवलं. समिधानं चौथ्यांदा तीच गोष्ट सांगितली, पण या वेळी ती सगळ्यात जड गेली. समोर बसलेली बाई तिला बाळपणापासून 'समू' म्हणत आली होती.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मेसेज चुकून आला."

"हो, काकू."

"पण बातमी तर खरीच होती न?"

आईच मग पुढे झाली. "हेमा, तू मला सांगितलं ते मी बाहेर बोलली. चार जणींना."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "त्या चौघी येऊन गेल्या. एक तर म्हणाली, घटस्फोट करून टाक." त्या पदरानं चष्मा पुसत बसल्या. मग त्यांनी समिधाला विचारलं, "समू, तू तर रोज हेच आजार पाहते. फिट आली तर माणसाला काय करायचं असते?"

शेकडो प्रोफाइलवर समिधानं 'मिरगी' हा शब्द चढवला होता, आणि फिट आलेल्या माणसाला धरायचं की सोडायचं, पाणी द्यायचं की नाही, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"नाही माहीत, काकू."

"मलाही नाही." काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी तिला एवढं बोलली, पण हे एक विचारलं नाही. आल्हादला लहानपणी ताप आला तर मी रात्रभर बसायची. हिला काय होते, कसं होते, काहीच विचारलं नाही."

त्या आठवड्यात काकू आल्हादला घेऊन अवंतिकाच्या डॉक्टरांकडे गेल्या, आणि तिथून रांझीला. अवंतिका लगेच परत आली नाही. संक्रांत झाल्यावर आली, आणि आली तीही राइट टाउनला, आल्हादनं घेतलेल्या दोन खोल्यांत. काकू अधूनमधून तिथं जातात. दोघींचं बोलणं होतं, पण पूर्वीसारखं नाही, असं आई सांगते. एवढंच सांगते, आणि फक्त समिधाला.

कचेरीत समिधानं साहेबांना स्पष्ट सांगितलं, की आजाराचा रकाना प्रोफाइलमध्ये जाणार असेल तर ती क्वेरी दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. आणि चूक काउंटरची नव्हती, आपली होती, असं तिनं सगळ्या दुकानांच्या मॅनेजरना लिहून पाठवलं, साहेबांना न विचारता. साहेब महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. रकाना मात्र निघाला, आणि होळीच्या आधी अंजनी घमापुरला परत आली. समिधा तिला भेटायला गेली तर ती काउंटरवरून एवढंच म्हणाली, "दीदी, उसी दिन बोल देतीं तो अच्छा रहता." मग मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

अवंतिका एकदा भाजीबाजारात भेटली. तिनं ओळख दाखवली, कशा आहात विचारलं, आणि पिशवी सावरत निघून गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, समिधानंही विचारलं नाही.

बाकीच्या नंबरांचं काय झालं, ते कळायला मार्ग नव्हता. एकही तक्रार आली नाही. साहेबांच्या मते त्याचा अर्थ काहीच झालं नाही. पण समिधा घमापुरच्या गल्ल्यांतून स्कूटरवर जाताना कुठल्या तरी घरातून चढ्या आवाजातलं भांडण कानी पडलं, की तिचा हात ब्रेकवर जाई. ती क्षणभर थांबे. आतले शब्द कळत नसत. मग मागचा ऑटोवाला हॉर्न मारी आणि ती पुढे निघे.